दत्ताकाकांनी विमानाला माईक लावला

या, असे पुढे सरकून बसा. खांबाला टेकू नका, पूर्वरंगातच डुलकी लागते! आज एक आख्यान सांगतो. यात देव कमी आणि वायरी जास्त आहेत. पण शेवटपर्यंत बसलात तर रिकाम्या हातानं घरी जाणार नाही.

पनवेलचे गुरुदत्त, म्हणजे आपले दत्ताकाका. आशालताताईंच्या कीर्तनाला बावीस वर्षं माईक लावणारा माणूस! समोर हजार श्रोते, मध्ये ताई, आणि मागे खांबाआड ॲम्प्लिफायरवर हात ठेवून डोळे मिटलेले काका. बाकीचे माईकवाले 'हॅलो, चेक' करतात, काका म्हणायचे, "विठ्ठल, विठ्ठल!" जाळीतून पहिलं नाव देवाचंच गेलं पाहिजे, हा त्यांचा एक नियम. दुसरा नियम, माईकचं बटण कीर्तनकाराच्या हाती द्यायचं नाही. रंगात आलेला माणूस नको तिथं अंगठा दाबतो आणि ऐन स्वयंवरात जनक मुका होतो! म्हणून नवा माईक आला की बटण कायमचं चालू, आणि वर काळी टेप.

असा माणूस, पण जासईच्या कीर्तनात घात झाला. काकांनी इको इतका वाढवला की प्रत्येक शब्द तीनतीनदा परत यायला लागला. ताईंनी 'सीता' म्हटलं की मंडपात तीन सीता! साक्षात रामचंद्र गोंधळले असते. कीर्तन संपल्यावर ताई एवढंच म्हणाल्या, "दत्ता, उद्यापासून येऊ नकोस."

त्या दिवसापासून काकांना घास गोड लागेना. घरातल्या मिक्सरचा आवाज ऐकला तरी डोळे भरायचे.

तीन महिन्यांनी कादंबरीचा फोन आला. ही ताईंची भाची, राहायला खारघरला, आणि धंद्यानं वैमानिक! तिच्या क्लबचं चार माणसांचं छोटं विमान गावाबाहेरच्या धावपट्टीवर उभं असतं. त्यात नवे हेडफोन-माईक बसवायचे होते.

"काका, आमचा इंजिनियर परेश मनगट मोडून बसलाय. तो सांगेल तसं सोल्डरिंग तुम्ही करा. रविवारी विमानाच्या पूजेला मावशीला आणतेय. तुमचं काम बघून ती विरघळेल."

"अगं, त्यात काय हाय!" काकांची छाती फुगून शर्टाची गुंडी तुटायला आली. "मंडप जमिनीवर असतो, विमान जरा वर असतं. वायर तीच! असा आवाज लावतो की ढग बसून ऐकतील!"

रविवारी काकांनी खरोखर सुबक काम केलं. प्लास्टरमधला हात मिरवत परेशनं एकेक सांधा तपासला, कागदावर सही केली आणि बजावलं, "काका, टॉप क्लास! आता कशालाच हात लावू नका हं." आणि तो डबा खायला ऑफिसात गेला.

आता रिकाम्या हातांचं काय करायचं? काकांनी विमान वळवायच्या दांड्यावरचं छोटं बटण पाहिलं. परेशनं सांगितलं होतं, हे दाबून धरलं तरच बोलणं रेडिओवर जातं. दाबून धरायचं? बोलणाऱ्यानं? काकांच्या बावीस वर्षांच्या अनुभवाला ते सहन झालं नाही. पोरगी ढगात अडकायची आणि बटण दाबायचं विसरायची! त्यांनी पॅनेलमागे हात घालून बटणाच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळल्या. वर काळी टेप. पक्की!

पाच मिनिटांत कादंबरी ताईंना ऑफिसात बसवून आली. "चला काका, जमिनीवरच एक चक्कर मारू, आवाज कळेल."

विमान घरघरत धावपट्टीच्या कडेनं निघालं. काकांनी हेडफोन चढवला, डोळे मिटले. "विठ्ठल, विठ्ठल!"

"वा! क्रिस्टल क्लियर!" कादंबरी म्हणाली. मग तिनं ऑफिसला हाक मारली. उत्तर नाही. "कोणी बोलत का नाहीये?"

"परेश जेवतोय ना! पण खरखर बघ, अजिबात नाय. शांत, देवळाच्या गाभाऱ्यासारखं."

शांत असणारच! रेडिओ बोलत राहिला की ऐकत नाही. आपल्याकडच्या पुष्कळ माणसांसारखाच.

"काका, खरं सांगा," कादंबरीनं विषय काढला, "जासईला तुम्ही एवढा इको का लावलात?"

काकांनी माईक ओठांजवळ ओढला. मग म्हणाले, "तू कोणाला बोलणार नाय ना? आपल्या दोघांतच हाय ना हे?"

"इथं कोण ऐकतंय?"

"ताईंचा वरचा सा फुटतो गं. त्या तापानंतर, दोन वर्षं झाली. त्यांना सांगितलं तर कीर्तनच सोडतील. म्हणून तिथं आल्या की मी हळूच इको चढवतो, तडा झाकतो. जासईला तडा मोठा होता, माझाबी हात घाबरला."

तेवढ्यात ऑफिसातून परेश धावत आला. प्लास्टरच्या हातात ताईंचं लाल उपरणं, ते तो वेड्यासारखं फिरवत होता.

"बघ, पोरगं किती खूश हाय!" म्हणत काकांनी त्याला प्रेमानं हात हलवला. परेश नाचू लागला. काकांनी दोन्ही हात हलवले.

विमान थांबलं तेव्हा परेशच्या तोंडाला फेस होता. "काका! सगळं ब्रॉडकास्ट झालं! वर क्लबचा दुसरा वैमानिक, सुशांत, पंधरा मिनिटं घिरट्या घालतोय, त्याला उतरायला विचारताच येईना! ऑफिसातल्या स्पीकरवर आम्हीपण ऐकलं!"

"आमी म्हणजे?"

"मी... आणि ताई."

परेशनं टेप सोडवली, तारा वेगळ्या केल्या. त्याबरोबर रेडिओ खरखरला आणि आभाळातून आवाज आला, "विठ्ठल विठ्ठल, काका! उतरू का? आणि ताईंचं पुढं काय झालं?"

ताई ऑफिसच्या पायरीवर पूजेचं ताट घेऊन बसल्या होत्या. काकांना विमान परवडलं, पण ती पन्नास पावलं परवडेनात. ते मान खाली घालून उभे राहिले.

"दोन वर्षं, दत्ता?"

"व्हय, ताई."

"आणि मला वाटायचं, हा माणूस माझा आवाज बिघडवतोय!" ताईंनी डोळे पुसले, आणि मग एकदम कडाडल्या, "अरे शहाण्या, मला सांगायचं की! पेटीवाल्याला म्हटलं असतं, काळी चार सोड, काळी दोन धर! पट्टी खाली घेतली की झालं! एवढ्यासाठी दोन वर्षं बटण पिळत बसलास?"

बावीस वर्षांच्या अनुभवाला हे सुचलं नव्हतं!

काकांच्या कपाळी बुक्का लागला. मंगळवारी ते पुन्हा खांबाआड होते. अट एकच, माईकचं बटण ताईंच्या हाती. काळी दोनमध्ये ताईंचा सा असा लागला म्हणतात की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. 'म्हणतात' अशासाठी, की बटण दाबायला ताई विसरल्या. पुढच्या दोन रांगांपलीकडे कोणाला काही ऐकूच आलं नाही!

तर मंडळी, पुढच्या कीर्तनाला बुवांच्या पाया पडून झालं की खांबाआड एक नजर टाका. तिथं डोळे मिटून कोणी बसला असेल, तर आमच्या दत्ताकाकांची आठवण काढा. फक्त तेवढं, त्याला वायरीबद्दल काही विचारू नका.