स्टिअरिंगवरचा नारळ

नंदुरबारच्या जिल्हा वाहन शिस्त कक्षाला विजेवर चालणारी एक नवी गाडी मिळाली. रस्त्यावरच्या दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधून ही गाडी आपले स्टिअरिंग आपणच सांभाळत असे. मात्र चालकाने हात काढला की ती टुकटुक करी आणि पडद्यावर सूचना येई, ‘कृपया स्टिअरिंगवर हात ठेवा.’ कर्मचाऱ्याने कामाच्या वेळेत काम करावे, असा आग्रह धरणारी ही त्या कार्यालयातली पहिलीच वस्तू होती.

याचा सर्वांत जास्त जाच चालक भिला याला झाला. तंबाखू मळायला दोन्ही हात लागतात. त्याने तळहातावर चुना घ्यावा आणि गाडीने ओरडावे, असे रोज होऊ लागल्यावर त्याने उपाय काढला. गाडीच्या पूजेचा नारळ डिकीत होताच. तो लाल फडक्यात गुंडाळून त्याने स्टिअरिंगच्या एका बाजूला घट्ट बांधला. गाडीला वजन जाणवले, तिने त्याला हात समजले आणि ती गप्प झाली. भिला निवांत तंबाखू मळू लागला.

उपनियंत्रक हेमराज चौधरी मागच्या सीटवरून हे पाहत होते. साहेब हुशार होते. हुशारी नेमकी कुठे वापरू नये हे कळण्याइतके मात्र नव्हते.

“भिला, गाडी कोण चालवतंय?”

“नारळ चालाई ऱ्हायना साहेब. मी नुसता बठेल शे.”

इथे भिला चुकला. साहेबाशी गंमत करू नये, तो ती वर कळवतो.

आठवड्याच्या आत आदेश निघाला. गाडीच्या पुस्तिकेत ‘हात ठेवा’ असे नमूद असले तरी हात कोणाचा याबाबत खुलासा नाही, सबब नारळास ‘हस्तसमतुल्य वस्तू’ म्हणून मान्यता देण्यात येत आहे. भांडार शाखेने शंका काढली की, नारळ हा खाद्यपदार्थ धरावा की वाहनाचा सुटा भाग. विधी शाखेने अभिप्राय दिला, फुटेपर्यंत सुटा भाग, फुटल्यावर प्रसाद. त्याच पुस्तिकेत ‘ही सोय चालकाच्या मदतीसाठी आहे, चालकाऐवजी नाही’ असेही ठळक छापलेले होते. ते पान कोणी उघडले नाही, कारण त्यावर कारवाई करण्यासारखे काही नव्हते.

मग ओघानेच प्रश्न आला की, नारळ गाडी चालवत असेल तर चालकाचे पद कशाला हवे. भिलाने स्टिअरिंगला नारळ दिला होता, आता साहेब भिलाला नारळ देणार होते. भिलाची मुलगी भूमिका धुळ्याला नर्सिंग शिकत होती आणि घरात येणारा पगार हा एवढाच होता. मला त्याच्या तंबाखूचा राग आहे, पण त्याच्या पोटावर पाय आलेला पाहून हसू येत नाही.

साहेबांनी मन मोठे केले. वाहन सुरक्षा सप्ताहाच्या उद्घाटनाला गाडी रनाळ्याच्या मंडपापर्यंत माणसाचा हात न लागता न्यायची ठरली.

“हात मांडीवर ठेवायचे,” साहेबांनी बजावले. “रनाळ्यापर्यंत लावला नाहीस तर तुला शिपाई म्हणून सामावून घेऊ. लावलास तर आदेशाचा भंग.”

“आन पाय साहेब?”

“पायाबद्दल वरून काही आलेलं नाही.”

तिकडे रनाळ्यात सरपंच चुनीलाल यांनी पाहुण्यांसाठी आपल्याकडे जे करतात तेच केले. चुन्याची फक्की मारली. रस्त्यावरचे मूळचे पट्टे कधीच पुसले गेले होते. चुनीलाल यांनी फाट्यापासून दोन्ही बाजूंनी फक्कीच्या सरळ रेषा ओढल्या, त्या मंडपाकडे वळवल्या आणि उत्साहाच्या भरात पार व्यासपीठाच्या पायरीपर्यंत नेल्या. पाहुणे गाडीतून उतरून त्या रेषांमधून चालत येतील, असा त्यांचा हिशेब होता.

गाडीने इतके ठसठशीत पट्टे जन्मात पाहिले नव्हते. फाट्यावर ती अदबीने वळली आणि रेषांच्या बरोबर मधून निघाली.

“साहेब, हाऊ पट्टा नही शे, फक्की शे,” भिला म्हणाला. “गाडी मंडपमा जाई ऱ्हायनी.”

“तिला कळतं. हात खाली.”

साहेबांनी खिडकीबाहेर पाहून नमस्कार केला. मंडपातल्या लोकांना वाटले, गाडी आत येणे हाच कार्यक्रम. ते टाळ्या वाजवू लागले, ज्यांचे हात टाळ्यांत नव्हते त्यांनी मोबाइल वर धरले. पहिल्या रांगेत अनुसयाबाई बसल्या होत्या. त्यांचे गुडघे धरलेले, कोणी हात दिल्याशिवाय त्यांना उठता येत नसे, आणि त्या घडीला रिकामा हात कोणाचाच नव्हता.

“साहेब, म्हातारी शे समोर. हात लाऊ का?”

साहेब म्हणाले, “थांब, शूटिंग चालू आहे.”

भिलाने हात लावला. नुसत्या ब्रेकने गाडी थांबण्याइतके अंतर उरले नव्हते, म्हणून ब्रेकवर उभा राहून त्याने नारळासकट स्टिअरिंगही फिरवले. गाडी स्वागत कमानीच्या खांबावर आदळली, खांब मोडला आणि सुरक्षा सप्ताहाचा फलक साहेबांच्या डोक्यावरच्या टपावर येऊन पडला. अनुसयाबाईंच्या खुर्चीला धक्काही लागला नाही.

रीतसर चौकशी झाली. संपूर्ण प्रवासात नारळाकडून कोणतीही चूक झालेली नाही, फक्की सरळ होती, आणि वाहन मार्गावरून ढळले ते कर्मचारी भिला याने हस्तक्षेप केल्यानंतरच, असा निष्कर्ष निघाला. पायाबाबत आदेश नसल्याने ब्रेकबद्दल त्याला माफी मिळाली. हातासाठी नोकरी गेली.

अनुसयाबाई कोणाच्या तरी खांद्याचा आधार घेत चौकशीला आल्या. “भिला नही ऱ्हाता, ते आज मन्हा फोटोले हार ऱ्हाता,” त्यांनी सांगितले. ‘सदर विधान भावनिक स्वरूपाचे असून तांत्रिक मुद्द्यास धरून नाही,’ असा शेरा पडला.

मंडपातले एवढे लोक तिथे होते, त्यांतले कोणी भिलासाठी बोलायला आले नाही. त्यांनी व्हिडिओ पाठवला होता, तेवढ्याने त्यांचे काम झाले होते. त्या व्हिडिओत गाडी छान सरळ येताना दिसते, मग ड्रायव्हर मध्येच स्टिअरिंग ओढतो आणि कमान पडते. खुर्चीतली म्हातारी चौकटीबाहेर राहिली आहे.

तो तुमच्याकडेही आला होता. तुम्ही तो पाहिलात, खाली हसणारे तोंड टाकलेत आणि ‘ड्रायव्हरला काढून टाका’ असेही लिहिलेत. लिहिताना तुमची गाडी तुम्हीच चालवत होतात. समोरचा माणूस उडी मारून बाजूला झाला म्हणून तुमचे वाक्य पूर्ण झाले.