एकमताने ओला कचरा

एकदा मी ठरवलं की ठरवलं! लोणी काळभोरजवळच्या एका मोठ्या हॉटेलातून भाजीची सालं आणि कोबीचा पाला रोज माझ्या म्हशीला येई. त्यावरच तिचं दूध! आता म्हणे हॉटेलवाले सालं देणं बंद करणार. त्यातच हॉटेलात भरणाऱ्या पर्यावरणाच्या बैठकीला शेजारच्या लोकांना बोलावणं आलं. मी वस्तीतल्या बायकांना बजावलं, "सालं वाचवल्याशिवाय परत यायचं नाही!"

दारात एका मुलीने प्रत्येकीच्या हातावर लाल, गोल, चिकट ठिपका ठेवला. समारंभाला दारात कुंकू लावतातच. हे सुधारलेलं असेल! मी कपाळाला लावला. माझं बघून सगळ्यांनी लावला. हॉटेलला दूध घालणाऱ्या बजरंगनेही गंधासारखा लावला.

बैठक घ्यायला हॉटेलच्या कंपनीकडून आलेल्या नीरजाबाई आमच्याकडे बघतच राहिल्या.

"अहो, ती तुमची मतं आहेत! फळ्यावर जो विषय महत्त्वाचा वाटेल, त्याखाली स्टिकर लावायचा."

फळ्यावर पाणी, वीज, प्लास्टिक आणि ओला कचरा. अक्षरं गाडीच्या चाकाएवढी! मी दुरूनच वाचलं.

"ओला कचरा म्हणजे आपली सालं. चला गं!"

पण कपाळाच्या घामाने डिंक गेलेला. ठिपका लावला की पडे.

"आत्याबाई," शेजारची प्रेमला म्हणाली, "मत ऱ्हात न्हाई बगा!"

"राहत नाही म्हणजे? राहिलंच पाहिजे!"

मी जेवणाच्या टेबलावरून मूठभर भात आणला. जन्मभर पाकिटं शितांनीच चिकटवली आहेत! भात फळ्यावर थापला आणि एकेक मत अंगठ्याने असं दाबलं की फळा कण्हला. बजरंग विजेकडे निघाला होता. त्याचं मनगट धरून त्यालाही इकडे वळवलं.

नीरजाबाई हरखल्या. "वा! एकमत! ओला कचरा यंत्रात घालून खत करायला सगळ्यांचा सपोर्ट!"

"कशात घालून?"

"यंत्रात. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की, आजी!"

लिहिलं असेल. त्यावरच मी भात थापला होता!

"यंत्र नको! सालं माझ्या म्हशीला हवीत!"

"मग मतं काढून दुसरीकडे लावा. जेवण झाल्यावर मोजू."

आम्ही नखांनी खरवडायला लागलो. तोवर भात वाळून दगड झालेला. फळ्याचा रंग निघाला, मत निघेना! हॉटेलचे मॅनेजरसाहेब मात्र खूश होऊन फोटो काढत होते. "केवढा उत्साह बघा लोकांचा!"

मी हार मानते होय? रोज हॉटेलच्या गेटावर जाऊन बसले. शेवटी साहेबांनी सन्मानाने आत बोलावलं. मनात म्हटलं, जिंकले!

आत यंत्राला हार घातलेला. "मथुराबाई, सगळ्यात जास्त मतं आपण मिळवून दिलीत. पहिली टोपली आपल्याच हस्ते!"

टाळ्या वाजल्या. काय करणार, ओतली टोपली.

सगळी नाही हं! पदरात मावली तेवढी सालं आधीच काढून घेतली होती.