कावळा आणि पुढचा ब्रेक

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी भर दुपारी श्रीरंगनं दादाची सायकल हॉलमध्ये दोन खुर्च्यांच्या आधारानं उभी केली, पुढचं चाक काढलं आणि कावळ्याला दिलेला शब्द पाळायला बसला.

शब्द दिला होता वर्षापूर्वी, घाटावर. दादा, म्हणजे हिमांशू, सत्ताविसाव्या वर्षी डेंग्यूनं गेला. सहा दिवसांत, घरच्यांना नीट घाबरायलाही वेळ न देता. दहाव्याला कावळा काही पिंडाला शिवेना. आई म्हणाली, "तुझ्या बाबांना सांभाळीन रे." कावळे झाडावरच. बाबा म्हणाले, "तुझ्या आईला सांभाळीन." एक कावळा या फांदीवरून त्या फांदीवर गेला. मामांनी श्रीरंगचं लग्न लावून द्यायचं कबूल केलं, तेव्हा तर दोन कावळे उठून निघूनच गेले. शेवटी अडीच तासांनी श्रीरंग पुटपुटला, "दादा, तुझ्या सायकलचा पुढचा ब्रेक ब्लीड करतो." आणि कावळा खाली आला.

त्या डिस्क ब्रेकच्या नळीत तेल असतं. तेलात हवा शिरली, की ब्रेक कितीही दाबा, हात हँडलला टेकतो आणि सायकल तिच्या मर्जीनं थांबते. ती हवा काढणं म्हणजे ब्लीड करणं. दोघं असली की सोपं जातं. दादा दर शनिवारी म्हणायचा, "छोट्या, उद्या फक्त सिरिंज धर." श्रीरंग म्हणायचा, "पुढच्या रविवारी." असे अकरा रविवार गेले. बाराव्या रविवारी दादा ॲडमिट होता. त्यानंतर वर्षभर सायकलकडे कुणी पाहिलंही नाही.

"श्राद्धाला गच्चीवर कावळ्यानं ब्रेकचं विचारलं तर काय सांगायचं?" आई चार दिवस हेच म्हणत होती. म्हणून आज.

दादाच्या डब्यात सगळं सामान होतं, फक्त पिवळा ठोकळा नव्हता. ब्रेकचे पॅड काढले की त्यांच्या जागी तो बसवायचा असतो, नाहीतर आतले पिस्टन बाहेर येतात. ठोकळा सापडला देवघराच्या डगमगत्या पायाखाली.

"तो काढायचा नाही," बाबा म्हणाले. हेमचंद्रराव तहसील कचेरीत आवक-जावक सांभाळून निवृत्त झाले होते. "उद्या कार्य आहे. देव हलता कामा नये."

"बाबा, ब्रेकला तोच लागतो."

"पुठ्ठा घाल." असं म्हणून त्यांनी जुन्या फाईलचा पुठ्ठा कापून, तीन घड्या घालून, कोपऱ्यावर तारीख टाकून दिला.

सिरिंज आईनं धरली. बाबांना रोज इन्सुलिन तीच टोचायची. तिनं सिरिंज उभी केली, टिचकी मारली, टोकावर थेंब आणला.

"हवा नको एवढंच ना? मला नको शिकवू."

बाबा मोबाईलवरून सूचना वाचू लागले. "मुद्दा क्रमांक चार. तेल खालून वर सावकाश सोडावे." आईनं दांडा दाबला. वर ब्रेकच्या मुठीवर लावलेल्या नरसाळ्यात आधी काळपट तेल आलं, मग एक बुडबुडा आला आणि फुटला. मग दुसरा.

आईचा हात थांबला. "श्रीरंग, ही हवा त्याच्या वेळची ना रे?"

तिसरा बुडबुडा नरसाळ्याच्या तळाशी अडकून बसला होता. तिघं त्याच्याकडे बघत राहिले. बाबांनी मुद्दा क्रमांक पाच वाचलाच नाही. काहीतरी करायचं म्हणून श्रीरंगनं ब्रेक दाबला.

तेलात भिजलेला पुठ्ठा तारखेसकट निसटला. एक पिस्टन टुणकन बाहेर आला, तेलाची पिचकारी उडाली. निम्मी ताटलीत जपून ठेवलेल्या ब्रेक पॅडवर पडली, निम्मी उद्यासाठी वाळत घातलेल्या बाबांच्या धोतरावर. आई दचकली आणि तिच्या पायानं तेलाची बाटलीही लवंडली.

"मुद्दा क्रमांक सहा," बाबा हळूच म्हणाले. "पॅडला तेल लागू देऊ नये."

तेल लागलेले पॅड गॅसवर भाजतात, असं श्रीरंगनं कुठंतरी पाहिलं होतं. त्यानं ते भाजले. शेजारच्या शेगडीवर खिरीचं दूध होतं. दुधाला ब्रेकचा वास लागला आणि पॅडला तडा गेला. चार वाजता घरात ब्रेक नव्हता, खीर नव्हती आणि धोतरही नव्हतं. श्रीरंगनं दादाच्या मित्राला, इंद्रजीतला फोन लावला.

इंद्रजीत मूळचा गंगापूरचा. दर रविवारी दादासोबत दौलताबादपर्यंत सायकल मारायचा. तो चिकलठाण्याहून तेल, पॅड आणि स्वतःचा ठोकळा घेऊन आला, पिस्टन आत ढकलला आणि वीस मिनिटांत ब्रेक दगडासारखा घट्ट केला. सिरिंज मात्र श्रीरंगनंच धरली.

"आता कावळा येईल," आई म्हणाली. "मागच्या वर्षी या ब्रेकसाठीच अडून बसला होता."

इंद्रजीतनं चहाचा कप खाली ठेवला. "काकू, एक सांगू का? रागावू नका. तवा घाटावर मी लई येळ बघितलं, कावळा काय हलंना. मग गुरुजी फोनवर बोलत होते तवा मी पिंडामागं गुपचूप ऑम्लेट ठिवलं. पडेगावच्या टपरीवरनं आणलेलं. हिमांशूला दर रविवारी तेच लागायचं."

श्रीरंगला एकदम समजलं. म्हणजे त्याचा शब्द दादानं ऐकलाच नव्हता. कावळा खाली आला होता तो ऑम्लेटसाठी.

"आमच्या घरात अंडं..." बाबांनी सुरुवात केली आणि थांबले. चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. "किती अंड्यांचं?"

"दोन."

"हां. सायकल चालवायची म्हणजे दोन लागणारच."

"कांदा असायचा?" आईनं विचारलं.

"व्हय काकू. भरपूर."

"घरी तर ताटातला वेचून काढायचा," आई म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर पान वाढलं. वडे होते, नव्या दुधाची खीर होती. बाबा मामांच्या धोतरात होते. कावळे समोरच्या टाकीवर ओळीनं बसले होते. तास झाला. गुरुजींना दुसरीकडं जायचं होतं, ते गेले. आईनं पानाला हात जोडून सांगितलं, "ब्रेक झाला रे तुझा." कावळे टाकीवरच.

मग आई श्रीरंगच्या कानाशी आली. "पडेगावला जाऊन यायला किती वेळ लागतो?"

तो दादाच्या सायकलवरून निघाला. टपरीजवळ उतार होता. त्यानं पुढचा ब्रेक दाबला आणि सायकल टपरीच्या बाकाशी अलगद थांबली. तो क्षणभर तसाच मूठ दाबून उभा राहिला. टपरीवाल्यानं सायकल ओळखली. काही न विचारता त्यानं दोन अंडी फोडली.

गच्चीवर आईनं ऑम्लेट दोन वड्यांच्या खाली सरकवलं. बाबा तेव्हा पाठ करून दौलताबादच्या दिशेला बघत उभे होते. तिकडं बघण्यासारखं काही नव्हतं. मागं पंखांची फडफड झाली. पान सळसळलं. आईनं पदर तोंडाशी धरला.

बाबा वळले नाहीत. नुसतंच म्हणाले, "श्रीरंग, ब्रेक चांगला झाला बरं का."