मामंजी आणि अर्जावरचा फोटो

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, खिशात ओळंबा घेऊन फिरायचे. ओळंबा म्हणजे गवंड्याचं दोरीला बांधलेलं लोखंडी वजन, भिंत सरळ उभी आहे की नाही ते बघायचं. गुडघे दुखू लागले म्हणून गवंडीकाम सुटून चार वर्षं झाली होती, पण ओळंबा सुटला नव्हता. कुणाकडे चहाला गेले की आधी दारातच थांबून चौकटीला दोरी लावायचे. चौकट कललेली निघाली की घरमालकाकडे फार दुःखानं बघायचे. “लाइनीत न्हाय,” म्हणायचे, आणि मग चहा घ्यायचे.

एकदा नात्यातल्या लग्नात अंतरपाट धरला होता, मंगलाष्टका चालू होत्या, आणि मामंजी मधेच उठून भटजींना म्हणाले, “डावी बाजू दोन बोटं वर घ्या की.” भटजींनी घेतली. मामंजी बसले आणि मंगलाष्टका पुढे सुरू झाल्या.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षाची गोष्ट. मी लग्नाआधी डी.एड. झाले होते. सरकारी शाळेत शिक्षिकांच्या जागा निघाल्या आणि मी अर्ज भरला. आमचे हे गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, होते. त्यांनी मला बाजारातल्या एका स्टुडिओत नेलं. तिथल्या माणसानं मला रंगवलेल्या तळ्यासमोर बसवलं, शेजारी प्लॅस्टिकचा गुलाब ठेवला, माझी हनुवटी दोन बोटांनी तिरकी केली आणि म्हणाला, “आता थोडं लाजा.”

तो फोटो लावलेला अर्ज कचेरीतल्या कारकुनानं माझ्याच हातात परत दिला. “ताई, हा स्थळाला दाखवायचा फोटो झाला. फक्त चेहरा पाहिजे. सरळ. मागं पांढरं. सोमवारी शेवटची तारीख आहे.”

घरी आल्यावर मामंजींनी तो फोटो हातभर लांब धरून बघितला. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण फोटो वाचता आला.

“मान लाइनीत न्हाय,” ते म्हणाले. “ह्यो फोटो आपुन घरीच काडायचा.”

“कॅमेरा कुठाय?” यांनी विचारलं.

“ते तुजं काम. बाकी माजं.”

यांचा एक मित्र कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात होता. त्याच्याकडे डबा कॅमेरा होता. हे गुरुवारी रात्रपाळी करून तसेच गाडीत बसले आणि संध्याकाळी कॅमेरा घेऊन आले. आत रोल होता आणि त्यात सहा फोटो शिल्लक होते.

मामंजींनी कॅमेरा हातात घेतला, वरच्या काचेत वाकून बघितलं आणि म्हणाले, “हात हलनार. खाली पाया पायजे.”

शुक्रवारी सकाळी त्यांनी अंगणात पाया खणला. खरंच खणला. विटा आणल्या, माती कालवली आणि दुपारपर्यंत छातीएवढा खांब उभा केला. चारी बाजूंनी ओळंबा लावून झाला. शेजारच्या बायका येऊन विचारायला लागल्या, “तुळशीवृंदावन का?” सासूबाई म्हणाल्या, “न्हाय बाई, सुनेच्या फोटूचं हाय,” आणि आत निघून गेल्या.

सासूबाईंना हे सगळं पसंत नव्हतं. “घरच्या सुनेचा फोटू कुठल्या कुठल्या सायबाच्या टेबलावर पडनार,” असं त्या भिंतीला सांगायच्या. आमच्या घरात मामंजींशी सरळ कुणी भांडत नसे.

शनिवारभर खांब वाळला. त्या वेळात मामंजींनी मला भिंतीशी उभं करून उजेडाची परीक्षा केली. बारा वाजता डोळ्यांखाली काळं पडतं, सात वाजता उजेड कमी पडतो. शेवटी ठरलं, रविवारी सकाळी नऊ.

मागे लावायला आधी घरातली सोलापुरी चादर निघाली. तिच्यावर मोर होते. मी पुढे बसले तर दोन मोर बरोबर माझ्या कानांतून बाहेर निघाले. मग मामंजींनी आपलं ठेवणीतलं धोतर काढलं, निळीत बुडवून, वाळवून भिंतीला खिळ्यांनी ठोकलं. सासूबाईंनी नुसता कपाळाला हात लावला.

मी पांढरी व्हॉइलची साडी नेसून खुर्चीत बसले. डोक्यावर पदर होता, नेहमीसारखा.

“पदर खांद्यावर घे,” मामंजी म्हणाले.

दारातून सासूबाई बोलल्या, “अवो, डोस्कं उघडं? तुमच्या म्होरं?”

“शाळंत काय तोंड झाकून शिकवनार हाय व्हय ती?”

मी पदर खांद्यावर घेतला. कानांना एकदम वारा लागला.

आता खरी अडचण सुरू झाली. त्या कॅमेऱ्याच्या काचेत डावं उजवीकडे दिसायचं. मामंजी म्हणायचे, “जरा डावीकडं सरक,” मी सरकायची, आणि ते ओरडायचे, “अगं डावीकडं म्हनलं की!” यांनी समजावलं, “बाबा, काचेत उलटं दिसतं.” मामंजी म्हणाले, “मग काच चुकीची बसवलीय त्यानं.” या वादात पहिला फोटो भिंतीचाच निघाला. दुसऱ्यात मी शिंकले.

तिसरा, चौथा आणि पाचवा मात्र माझ्यामुळे गेले. मला समोर बघताच येईना. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि मामंजींच्या तोंडाकडे मी एकदाही नीट बघितलं नव्हतं. ते आले की मान खाली जायची. कॅमेऱ्यामागे तेच उभे. “वर बघ,” म्हणाले की मी बघायची आणि खटका दाबेपर्यंत नजर पायांच्या अंगठ्यावर यायची.

एकच फोटो उरला. हे म्हणाले, “मी काढू का?”

“गप बस,” मामंजी म्हणाले. त्यांनी डोक्याची टोपी काढून खुंटीला अडकवली, खांबामागे ताठ उभे राहिले आणि आवाज बदलून बोलले, “मी कुनाचा सासरा न्हाय. मी साहेब हाय. नाव काय तुमचं?”

मला ते ‘तुमचं’ ऐकून हसू आलं आणि घामही फुटला.

“सुमन शंकर शिंदे.”

“ऐकू आलं न्हाय.”

“सुमन शंकर शिंदे!”

“शिक्शान?”

“डी.एड.”

“परगावी धाडलं तर जानार का?”

दारात सासूबाई उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. सरळ मामंजींकडे बघितलं. त्यांच्या डाव्या भुवईत एक जुनी खोक होती. ती मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

“जाणार,” मी म्हणाले, आणि तोंड मिटलं.

खट्.

यांनी लगेच रोल बाजारातल्या स्टुडिओत धुवायला दिला. सोमवारी सकाळी प्रती मिळाल्या, दुपारी अर्ज गेला. कारकून फोटोकडे बघून म्हणाला, “बाई, तुम्ही तर आत्ताच हेडमास्तरीण दिसताय.” पुढे मुलाखत झाली, आणि दोन महिन्यांनी हुकूम आला. नेमणूक दुधनीला.

दुधनीला मामंजींच्या धाकट्या बहीण गंगूबाई राहतात, एवढं मला ठाऊक होतं. त्या आमच्या लग्नाला आल्या नव्हत्या आणि का ते घरात कुणी बोलत नसे. मला पोचवायला मामंजी स्वतः निघाले. दुधनीला उतरल्यावर फलाटावरच्या बाकावर बसले ते उठेनातच.

“मामा, गुडघे दुखतायत का?” मी विचारलं.

“न्हाय.” मग ते म्हणाले, “गंगू सातवी पास झाली हुती. तवा मास्तरनीची नोकरी लागत हुती तेवढ्यावर. तिनं अर्ज लिवला. आमच्या बानं चुलीत घातला आन् सा महिन्यांत तिचं लगीन लावलं. मी थितंच बसलो हुतो, चुलीम्होरं. बाविशीचा बाप्या. ती माज्याकडं बघत हुती. मी खाली बघितलं.”

मी ट्रंक उचलली. मग तेही उठले.

गंगूबाईंचं घर बाजाराच्या मागे होतं. त्या दारात शेंगा निवडत होत्या. पांढरे केस, कपाळ मामंजींसारखंच. उठून उभ्या राहिल्या, पण ‘ये’ म्हणाल्या नाहीत.

“गंगू,” मामंजी म्हणाले, “ही माजी सून. हितल्या शाळंत लागलीया. तुज्याकडं ठिऊन घेतीस का इचारायला आलो.” आणि त्यांनी हुकमाचा कागद पुढे धरला.

गंगूबाईंनी हात पदराला पुसले, कागद घेतला, उजेडाकडे केला आणि सावकाश, एकेका शब्दावर बोट ठेवत, मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. “श्रीमती सुमन शंकर शिंदे... यांची... प्राथमिक शिक्षिका म्हणून... नेमणूक करण्यात येत आहे.” चाळीस वर्षांत वाचायचं त्या विसरल्या नव्हत्या.

मामंजी उंबऱ्याबाहेर उभे राहून ऐकत होते. वाचून झालं तसे म्हणाले, “परत वाच.”

गंगूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग बाजूला सरून वाट दिली.

“आत ये आण्णा,” त्या म्हणाल्या. “बसून ऐक.”