बंबासाठी कमान

बंबाला रस्ता कसा करावा हे शिकायचं असेल, तर जुळे सोलापुरातल्या आपल्या साइटवर येऊन बघावं, असं तिप्पण्णा चारचौघांत सांगत असे. चारचौघं नसले तर सिमेंटच्या पोत्यांना सांगत असे.

सात मजली इमारत उभी राहत होती. बांधकाम चालू असताना आग लागली किंवा परांचीवरून कुणी पडलं, तर बंब आणि अॅम्ब्युलन्स थेट इमारतीच्या मागच्या बाजूपर्यंत पोचली पाहिजे, असा नियम असतो. बाकीच्या साइटवर नियम कागदावर असतो आणि रस्त्यावर खडीचा ढीग असतो. तिप्पण्णाच्या साइटवर मात्र खरोखरचा रस्ता होता! फाटकापासून निघून इमारतीला पुरता वळसा घालून परत फाटकाशी येणारा, सहा मीटर रुंद, मुरूम टाकून रोलर फिरवलेला, रोज सकाळी पाणी मारलेला. त्यावर वीट ठेवायची नाही, वाळू टाकायची नाही, सायकलसुद्धा लावायची नाही. एक गवंडी त्यावर डबा खायला बसला तेव्हा तिप्पण्णानं त्याला भाकरीसकट उचलून बाजूला ठेवलं, अशी कथा साइटवर सांगतात. गवंड्याचं वजन पाहता ती खोटी असावी, पण तिप्पण्णानं ती कधी नाकारली नाही.

मुकादमाचा सुपरवायझर तो याच साइटवर झाला होता. मालक शिवराजशेठ यांनी त्याला बोलावून स्पष्टच सांगितलं होतं.

"तिप्पण्णा, फायर ब्रिगेडचे साहेब बंब घेऊन तपासणीला येणार हायेत. रस्ता पास झाला तर होटगी रोडची पुढची साइट तुझी. नापास झाला तर पुण्याचा इंजिनिअर आणून तुझ्या डोक्यावर बसवतो बघ."

डोक्यावर घमेलं घेऊन सुरुवात केलेल्या माणसाला आता तिथे इंजिनिअर नको होता. तिप्पण्णा जिद्दीनं तयारीला लागला. पण रस्ता तर आधीच तयार होता! करण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. रिकाम्या हातांनी तो दोन दिवस रस्त्यावरून येरझाऱ्या घालत राहिला आणि तिसऱ्या दिवशी त्याला सुचलं की सरकारी गाडी पहिल्यांदाच आपल्या दारात येतेय, तिला कोरडी कशी आत घ्यायची? आपल्याकडे नवा ट्रॅक्टर घेतला तरी हलगी वाजते. हा तर बंब! त्यानं ताबडतोब हलगीवाले सांगितले, साहेबांसाठी चादर आणि नारळ आणला आणि धनाजी मंडपवाल्याला बोलावून स्वागत कमानीची ऑर्डर दिली.

धनाजी पहार घेऊन आला. "खड्डं कुटं मारू?"

"खड्डं? माज्या रस्त्यात?"

"मंग कमान काय हवेत उभी करू व्हय?"

बराच वेळ हुज्जत झाली. शेवटी वाळू भरलेल्या तेलाच्या डब्यांत खांब उभे करायचे ठरले. धनाजीला ते मुळीच पटलं नाही, पण तिप्पण्णापुढे कुणाचं चालत नसे. खांब फाटकाच्या आत, रस्त्याच्या अगदी दोन्ही कडांना ठेवायचे, रस्ता एक वीतभरही अरुंद दिसता कामा नये, यासाठी त्यानं स्वतः टेप धरून मापं घेतली.

"आन् उंची?" धनाजीनं विचारलं.

"फ्लेक्स नीट वाचता आला पायजे. लई वर नको."

फ्लेक्सवर 'अग्निशमन दलाचे हार्दिक स्वागत' असं लिहिलं होतं. शेजारी हात जोडलेला तिप्पण्णा होता, पूर्ण कमरेपर्यंत. खाली कोपऱ्यात शिवराजशेठही होते, तिकिटाएवढे.

त्या संध्याकाळी त्यानं हे सगळं घरी बायकोला, पार्वतम्माला, रंगवून सांगितलं. ती भाकरी थापत शांतपणे ऐकत होती.

"बंब केवढा उंच असतो हो?" ती म्हणाली.

"रुंदी बघणार हायेत ते लोक. सहा मीटर. उंचीचं कोण इचारलंय?"

"मी इचारतेय की."

तिप्पण्णानं शेंगाचटणी आणखी मागितली आणि विषय तिथेच मिटवला.

तपासणीच्या दिवशी साहेब आधी जीपमधून आले. जीप कमानीखालून अलगद आत गेली, त्यामुळे तिप्पण्णाचा विश्वास दुप्पट झाला. साहेब आणि शिवराजशेठ चालत इमारतीच्या मागे जाऊन उभे राहिले. साहेब म्हणाले, "समजा, आग इथं लागलीय. बोलवा बंब." तिथून फोन गेला आणि कोपऱ्यावर थांबलेला लालभडक बंब फाटकातून आत आला. कमानीपाशी येऊन तो थबकला. ड्रायव्हर कुंडलिकनं खिडकीतून मान बाहेर काढली.

"वर बसतंय का बघा की जरा!"

आता, गाडी आत घेण्यात तिप्पण्णाचा हात धरणारा माणूस जिल्ह्यात नव्हता. वाळूच्या, सळईच्या, मिक्सरच्या असंख्य गाड्या त्यानं आत घेतल्या होत्या आणि एकीचंही चाक खड्ड्यात गेलं नव्हतं. याचं कारण, गाडी घेताना तो चाकं सोडून कुठेही बघत नसे. त्यानं पाठमोरं चालत दोन्ही हात हलवायला सुरुवात केली.

"येऊ द्या... येऊ द्या... डावीकडं मारा... येऊ द्या..."

बंबाच्या टपावर शिडी होती. शिडीचं टोक फ्लेक्सच्या बांबूत अडकलं, डबे कलंडले, खांब वाळूतून सुटले आणि अख्खी कमान बंबाच्या डोक्यावर चढली. दोन्ही खांब दोन बाजूंना लोंबकळत जमिनीवर घासू लागले.

"आरं थांबव, थांबव!" धनाजी ओरडला.

पण बंब कमान ओलांडताच वाजवायला सुरू करा, असं हलगीवाल्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांच्या दृष्टीनं बंबानं कमान ओलांडलीच होती. त्यांनी जीव तोडून वाजवायला सुरुवात केली. गवंडी, बिगारी, सगळे हात वर करून ओरडत धावू लागले. इतकं स्वागत कुंडलिकनं नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. त्यानंही खिडकीतून हात हलवला आणि गाडी दामटली.

हलगी कानावर पडताच तिप्पण्णाचा ऊर भरून आला. कमान पार झाली! तो वळला आणि बंबाच्या पुढे पळू लागला.

इमारतीच्या मागे उभ्या असलेल्या साहेबांना आधी धापा टाकत येणारा तिप्पण्णा दिसला. त्याच्यामागून नवरदेवासारखं बाशिंग बांधलेला बंब आला. शिवराजशेठ यांनी डोळे मिटून घेतले. आपल्यामागे सगळे एवढं काय बघतायत म्हणून तिप्पण्णानं वळून प्रथमच वर पाहिलं. तो स्वतःच हात जोडून स्वतःवर चालून येत होता.

बंब थांबला. हलगी थांबली. गेली होटगी रोडची साइट, असं तिप्पण्णाला वाटलं.

साहेब बंबाच्या मागच्या रस्त्यावरून चालत गेले. फाटकापासून इथपर्यंत ओल्या मुरमावर दोन्ही कडांना खांबांच्या टोकांनी दोन रेघा ओढल्या होत्या. साहेब वळणावर वाकून बघत होते. रेघ कुठेच तुटलेली नव्हती.

"ही कमान रस्त्याएवढी रुंद आहे. कुठंच अडली नाही?"

"न्हाई साहेब," कुंडलिक खाली उतरून म्हणाला. "हितं वीट बी आडवी न्हाई, पाइप बी न्हाई. लई साइट बघितल्या, पण असा रस्ता न्हाई बघितला."

तिप्पण्णाचे डोळे भरून आले. आयुष्यात त्याला इतका अभिमान कधी वाटला नव्हता, लग्नातही नाही.

"रस्ता पास," साहेब म्हणाले. "उंचीलाही मोकळी जागा आहे, कमान सोडली तर. पण खरी आग असती तर फाटकाशी हा तमाशा परवडला असता का? आणि बंबाच्या पुढं पळतं का कुणी? दुसऱ्या साइटवर रस्त्यात खडीचा अडथळा असतो. इथं अडथळा एकच होता. तुम्ही."

तिप्पण्णानं मान खाली घालून चादर पुढे केली. साहेबांनी ती घेतली नाही. नारळही घेतला नाही.

ते गेल्यावर शिवराजशेठ यांनी त्याला बाजूला घेतलं.

"होटगी रोड तुझा. रस्ता तूच करायचा, असाच. पण तपासणीच्या दिवशी साइटवर दिसायचं न्हाईस. अक्कलकोटला जा, सासरवाडीला जा, कुटं बी जा. पगार कापणार न्हाई."

तिप्पण्णा घरी पोचला तो ताठ मानेनं. पेढ्यांचा पुडा त्यानं पार्वतम्माच्या हातात दिला.

"साइट मिळाली," तो म्हणाला. "आन् ऐक, पुण्याच्या इंजिनिअरला बी कदी मिळाली नसंल. दर तपासणीला भरपगारी सुट्टी!"