महिपतीरावांच्या ट्रकची रुळवणी

१.

नवी वस्तू बिघडण्याचे मुख्य कारण ती वापरली जाणे हे होय.

हे सत्य अनेकांना ठाऊक असते, परंतु त्याची काटेकोर अंमलबजावणी सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावर, महिपतीरावांच्या घरी झाली. महिपतीराव एका सरकारी भांडारात चौतीस वर्षे भांडारपाल होते. त्यांच्या कारकिर्दीत भांडारातली एकही वस्तू झिजली नाही. (काही गंजल्या. पण गंज नैसर्गिक असतो. झीज ही माणसाची चूक असते.) निवृत्तीच्या दिवशी भेट मिळालेले भिंतीवरचे घड्याळ अजून खोक्यात आहे. ते अचूक वेळ दाखवत असणार, याबद्दल घरात दुमत नाही.

त्यांना सुदर्शन नावाचा एक मुलगा आहे. वय एकतीस. नऊ वर्षे तो स्पर्धा परीक्षांची तयारी करत होता. मधल्या काळात नोकरीच्या तीन संधी आल्या, त्या महिपतीरावांनी परस्पर परतवल्या. पाया पक्का होण्याआधी पोरावर ताण नको, असे त्यांचे म्हणणे होते. पाया पक्का व्हावा म्हणून त्यांनी सहा वेळा क्लास बदलला.

शेवटी सुदर्शननेच एक दिवस जेवताना सांगितले की त्याने जड वाहनाचा परवाना काढला आहे. त्याच्याबरोबर अभ्यासिकेत बसणारी स्वराली पहिल्याच वर्षी कंटाळून उठून गेली होती, ती आता हिंजवडीत कंपन्यांची कँटीन चालवते. मार्केट यार्डातून तिथे रोज पाच टन कांदे-बटाटे पोचवायचे काम ती द्यायला तयार होती. महिपतीरावांनी तीन आठवडे विचार केला आणि निवृत्तीच्या पैशातून एक सहाचाकी ट्रक घेतला. सुदर्शनला वाटले, आता आपण सुटलो.

२.

ट्रकची पूजा झाली. त्याचबरोबर कंपनीने दिलेल्या माहितीपुस्तिकेचीही झाली. सुदर्शनच्या आई, कल्याणीताई, यांनी तिच्यावर हळदकुंकू वाहिले आणि पंचामृताची पळी सोडली. मग पुस्तिका पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवण्यात आली. (पूजलेली पुस्तिका गाडीत फेकून ठेवणारे लोक जगात आहेत. त्यांचे पुढे काय होते, हे आपण पाहतोच.)

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून महिपतीरावांनी पुस्तिकेचे वाचन केले आणि नियम जाहीर केले.

३.

नियम एक: पहिल्या हजार किलोमीटरमध्ये पूर्ण भार घालू नये.
नियम दोन: ताशी चाळीसच्या वर जाऊ नये. (यासाठी पुण्यात वेगळे प्रयत्न करावे लागत नाहीत.)
नियम तीन: पहिले ऑइल लवकर बदलावे. नव्या इंजिनातला धातूचा चूर त्यात उतरतो.
नियम सहा: वाहन सावलीत उभे करावे.

(चार आणि पाच नंतर येतील. ती पाने चिकटली आहेत.)

पूर्ण भार नको, तर अर्धाही कशाला, हे महिपतीरावांचे स्वतःचे संशोधन. स्वराली फोनवर म्हणाली होती, "आधी निम्माच माल टाक रे, गाडी नवी आहे." ते ऐकून महिपतीरावांचे तिच्याविषयीचे मत कायमचे वाईट झाले.

ट्रक मग रोज सकाळी स्वारगेटवरून कात्रजला जाई आणि कात्रजहून स्वारगेटला येई. रिकामा. सुदर्शन चालवी, महिपतीराव शेजारी बसत. मांडीवर चपला असत, कारण केबिनमधले पायपुसणे नवे होते.

मार्केट यार्डामागे गॅरेज असलेल्या वैजनाथ मिस्त्रीने पाचशे किलोमीटरला पहिले ऑइल बदलले. चुंबक फिरवल्यावर चिमूटभर चूर निघाला. महिपतीरावांनी तो काचेच्या बरणीत भरून घेतला. सातशेला दुसऱ्यांदा बदलले, चूर कमी निघाला. आठशेला तिसऱ्यांदा, काहीच नाही. वैजनाथ म्हणाला, आता बास, गरज नाही. महिपतीरावांनी ओळखले की मिस्त्री कामचुकार आहे. चूर सापडत नाही याचा अर्थ तो लपला आहे.

दोन महिन्यांनंतरची स्थिती अशी:

धावलेले किलोमीटर — एक हजार एकशे चाळीस
वाहिलेला माल — निरंक
बदललेले ऑइल — सहा वेळा
बदललेले क्लास — सहा (या दोन आकड्यांचा परस्परसंबंध नाही.)
सज्जातल्या बरण्या — सहा, पैकी चार संपूर्ण स्वच्छ

६.

स्वरालीने दोन महिने वाट पाहिली. मग तिने काम दिग्विजय नावाच्या माणसाला दिले. त्याचा ट्रक पंधरा वर्षांचा, डावा दरवाजा दोरीने बांधलेला. सुदर्शनला तिने एकच सांगितले: "सोमवारी एक खेप करून दाखव. वेळेवर आलास तर अर्धं काम तुझं. मी बटाट्यांना सांगू शकत नाही की थांबा, गाडी रुळतेय."

महिपतीरावांनी नाइलाजाने संमती दिली. यार्डात पाच टन बटाटे चढत असताना ते पाठ फिरवून उभे होते.

चांदणी चौकाच्या चढावर ट्रकने निळा धूर सोडला. आधी थोडा, मग इतका की मागचा रिक्षावाला पुढे येऊन आदराने पाहून गेला. चढ संपला तेव्हा ऑइलचा दिवा लागला. बटाटे दुपारी दोनला पोचले, दिग्विजयच्या ट्रकमधून. महिपतीरावांचा ट्रक वैजनाथकडे पोचला, दोरीने.

वैजनाथने दोन दिवसांनी इंजिन उघडून दाखवले. सिलिंडर आतून आरशासारखे झाले होते. महिपतीरावांना ते आवडले.

"काका, चकाकतंय म्हणजे वाटोळं झालंय," वैजनाथ म्हणाला. "आतून थोडं खरखरीत असतं, त्यावर पिस्टनच्या रिंगा घासून बसतात. पण त्यांना दाब लागतो. दाब भारानं येतो. तुम्ही नुसतं फिरवत बसलात. रिंगा बसल्याच नाहीत, म्हणून ऑइल वर चढून जळलं."

"पुस्तिकेत असं काही नाही," महिपतीराव म्हणाले.

सुदर्शनने देवघरातून आणलेली पुस्तिका पिशवीतून काढली. मधली पाने पंचामृताने घट्ट बसली होती. (मध उत्तम प्रतीचा होता.) वैजनाथने पातळ पाते घालून ती हलकेच सोडवली.

४ आणि ५.

नियम चार: पहिले हजार किलोमीटर वाहन निम्म्या भाराने चालवावे आणि भार हळूहळू वाढवावा.
नियम पाच: वाहन दीर्घकाळ रिकामे चालवल्यास इंजिन रुळत नाही व कायमचे निकामी होऊ शकते.

सुदर्शनने ते दोनदा वाचले. दुसऱ्यांदा मोठ्याने.

"बाबा, किती काळ म्हणजे दीर्घकाळ? नऊ वर्षं धरतात का यात?"

 महिपतीराव पुस्तिकेची सुटलेली पाने पुन्हा नीट दाबून बसवत होते.

७.

सुदर्शन आता दिग्विजयच्या ट्रकवर आहे. रोज पाच टन. पहिल्या आठवड्यात त्याची पाठ धरली, दुसऱ्या आठवड्यात त्याने हिंजवडीत एकाच्या गाडीला आरसा घासला, तिसऱ्या आठवड्यात स्वरालीने त्याला सगळ्यांसमोर झापले. चौथ्यात काही झाले नाही. कल्याणीताईंनी खोक्यातून घड्याळ काढून भिंतीवर लावले. त्याचा सेल आत फुटून वाळला होता.

"अजून सहा महिने थांबला असता तर तयार झाला असता," असे महिपतीराव भेटेल त्याला सांगतात. ट्रकचे इंजिन दुरुस्त झाले आहे. या वेळी धोका नको म्हणून तो कापडी आच्छादनाखाली, सावलीत उभा आहे.

महिपतीरावांना हसायला कोणाचीच हरकत नाही. ज्यांच्या घरी टीव्हीचा रिमोट अजून प्लास्टिकमध्ये आहे आणि चांगले कप पाहुण्यांसाठी शोकेसमध्ये आहेत, त्यांनीही अवश्य हसावे. फक्त आतल्या खोलीत कोणी तयारी करत बसले असेल, तर आवाज बेताचा ठेवावा. त्याला अजून ताण नको.