भुऱ्या लांडग्याचा मागचा पाय

लांडग्याचा मागचा पाय सोमवारी मोडला आणि बुधवारी तो हरणामागे धावला. भाऊसाहेबांचं चुकलं ते इथेच.

लांडगा अर्थातच खरा नव्हता, मोबाइलवरचा होता. पंधरा-वीस अनोळखी माणसांचा एक गट होता. प्रत्येकाने एकेक प्राणी व्हायचं आणि पाळीपाळीने आपल्या प्राण्याचं जगणं लिहायचं, असा तो खेळ. खरं नाव सांगायचं नाही, वय सांगायचं नाही, कुणी कुणाची चौकशी करायची नाही. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, संध्याकाळचं घर खायला उठू लागलं, तेव्हा भाऊसाहेब त्या गटात शिरले आणि बघता बघता कळपाचे प्रमुख झाले. भुरा लांडगा म्हणजे आपले भाऊसाहेब, हे जगात कुणालाही ठाऊक नव्हतं. बायकोला वाटायचं, हे मोबाइलवर हवामान बघतात.

दिवसा ते पाणीपुरवठा कार्यालयात गळतीच्या तक्रारींच्या टेबलावर बसत. कुठे नळ फुटला, कुठे सांधा निखळला, की माणसं पाठवायची आणि शेवटी शेरा मारायचा: "गळती थांबवली. पुरवठा पूर्ववत." जन्मभर हेच लिहिलेला माणूस लांडग्याच्या पायाबद्दल वेगळं काय लिहिणार? त्यांनी लिहिलं, "रक्ताची गळती थांबली. चाल पूर्ववत." आणि दिला लांडगा सोडून हरणामागे.

गटात घुबडीण म्हणून एक होती. नियम तिने केलेले, आणि जरब शाळेतल्या पर्यवेक्षिकेची. तिने सगळ्यांसमोर भाऊसाहेबांची बिनपाण्याने केली. "हाड म्हणजे काय नळाचा तुकडा आहे, फिरवला आणि बसला? जखमेची अशी थट्टा या रानात चालणार नाही. लांडगा नीट आजारी पडेपर्यंत कळप कोल्ह्याकडे राहील."

कोल्ह्याने लगेच लिहिलं, "प्रमुखांनी खुशाल विश्रांती घ्यावी." वर एक हसरा चेहरा. भाऊसाहेबांचं जेवणावरचं लक्ष उडालं. कार्यालयात त्यांना कुणी विचारत नव्हतं, घरात मुलीच्या फोनवर शेवटचं अर्धं मिनिट त्यांच्या वाट्याला यायचं. राहता राहिला तो कळप, आणि तोही गेला.

तेव्हा दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत, कार्यालयाच्या मागच्या व्हरांड्यात, त्यांनी जनावरांच्या एका डॉक्टरांना फोन लावला.

"मागचा पाय मोडलाय," ते दबक्या आवाजात म्हणाले. "डावा. किती दिवसांत पळेल?"

"पळायचं नंतर बघू. मोडला कशाने?"

"कड्यावरून... गॅलरीवरून उडी मारली."

"वजन?"

"चाळीसेक किलो."

"अहो, कुत्रा आहे की वासरू? खातो का काही?"

"परवा खाल्लं. पोटभर. स्वतः पकडून."

"हे बघा, आत्ताच्या आत्ता घेऊन या त्याला."

"तो नाही येणार. जरा रानटी आहे."

"मग माझा वेळ कशाला घेताय?" म्हणून डॉक्टरांनी फोन आपटला. भाऊसाहेब वळले, तर मागे मोठ्या मॅडम उभ्या.

मोठ्या मॅडम म्हणजे कार्यालयाच्या प्रमुख. त्या व्हरांड्यातून गेल्या तरी लोक उगाच कपाटं उघडून बघायचे. हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. आज मात्र त्यांचा चेहरा काहीतरी वेगळाच दिसत होता.

"भाऊसाहेब, तुमच्याकडे कुत्रा आहे? आणि पाय मोडलाय त्याचा?"

इथे 'नाही' म्हणायला हवं होतं. पण 'नाही' म्हटलं की 'मग कुणाचा पाय?' हे आलंच, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाने मोठ्या मॅडमना 'माझाच, मी लांडगा आहे' असं सांगायचं कसं?

"हो मॅडम," ते म्हणाले.

"आत या. बसा."

इतक्या वर्षांत त्या खोलीत त्यांना 'बसा' असं कुणी म्हटलं नव्हतं. मॅडम टेबलामागे न बसता शेजारच्या खुर्चीत बसल्या. "माझ्या कुत्र्याचाही मोडला होता. गाडीखाली आला होता. एक सांगते, दुखतं म्हणून ओरडत नाहीत हो ती. गप्प होतात. भांड्याजवळ जातात, वास घेतात आणि परत येतात. आमचा तर पहिले काही दिवस माझ्याकडे बघायचाच नाही. पाय मोडला त्याचा, आणि लाज वाटायची त्यालाच."

त्यांनी भाऊसाहेबांना रोज दुपारी तासभर घरी जायची परवानगी दिली, कुत्र्याला बघायला. घरी जावं तर बायको विचारणार, दुपारचे कसे आलात? म्हणून भाऊसाहेब रोज बागेतल्या बाकावर बसत आणि लांडग्याचं दुखणं लिहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी लिहिलं: "भुरा लांडगा ओरडला नाही. कळपाने आणून ठेवलेल्या मांसाचा त्याने वास घेतला आणि तोंड फिरवलं. तो कुणाकडे बघत नव्हता. त्याला लाज वाटत होती."

गट हलला. साळिंदराने लिहिलं, वाचून रडू आलं. घुबडीण म्हणाली, "आता कसं!"

मग रोजचंच झालं. सकाळी मॅडम विचारायच्या, "टाके ओले आहेत का? चाटू देत नाही ना?" आणि भाऊसाहेबांनी "नाही मॅडम" म्हटलं की आपल्या कुत्र्याचं काहीतरी सांगायच्या. पाय टेकवण्याआधी तो जमीन कशी चाचपायचा, गार पाण्यात आपण अंगठा बुडवून बघतो तसा. झोपेत त्याचे तीनच पाय कसे पळायचे. दुपारी हे सगळं रानात जायचं. कळप परत मिळाला, कोल्हा गप्प बसला, घुबडीण नव्या प्राण्यांना सांगू लागली की जखम कशी लिहावी ते भुऱ्याकडून शिका.

आणि भाऊसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं होऊ लागलं. दुःख मॅडमचं, कुत्रा मॅडमचा, आणि हे आयत्या बिळावरचे नागोबा! कौतुकाचा एकेक शब्द वाचताना कान तापायचे. त्यात कार्यालयभर बातमी झाली. भांडारपालाने जुनी घोंगडी दिली. मॅडमनी घरून प्लास्टिकचं मोठं नरसाळं आणलं, टाके चाटू नये म्हणून गळ्यात घालतात ते. "त्याचंच आहे. टाकवत नव्हतं. कामाला तरी येईल," त्या म्हणाल्या.

नरसाळं बसमधून मांडीवर घेऊन भाऊसाहेब घरी आले.

"हे काय आणि?" बायकोने विचारलं.

"कार्यालयातलं. जुनं सामान वाटत होते."

"कधी नव्हे ती कामाची वस्तू आणलीत." आणि तिने ते धुऊन पुसून साखर डब्यात ओतायला ठेवून दिलं. त्या दिवसापासून भाऊसाहेबांना चहा गोड लागेना.

शेवटी त्यांनी ठरवलं, कुत्रा गेला म्हणून सांगावं आणि कानाला खडा लावावा. चेहरा पाडून ते आत गेले. पण मॅडमनीच मान वर करून म्हटलं, "तुमचा तरी बरा होऊ दे हो, भाऊसाहेब." त्या 'तरी'वर भाऊसाहेबांची सगळी तयारी ढासळली. गडबडीत तोंडून भलतंच निघून गेलं.

"झाला की मॅडम! एकदम बरा! काल पळाला."

"पळाला?" मॅडम उभ्याच राहिल्या. "एवढ्यात? अहो, हाड जुळायला महिना-दीड महिना लागतो! पळू कसं दिलंत? ते काही नाही, रविवारी मी स्वतः येऊन बघते."

म्हणजे जी चूक लांडग्याच्या बाबतीत केली, तीच कुत्र्याच्या बाबतीत. माणूस पडला गळती विभागाचा, दुरुस्ती लांबलेली त्याला सोसतच नाही.

रविवारी भाऊसाहेबांनी बायकोला तिच्या बहिणीकडे धाडलं, शेजारच्या काकूंकडून त्यांचा कुत्रा 'फिरवून आणतो' म्हणून मागून घेतला, आणि त्याच्या मागच्या पायाला बायकोच्या गुडघ्याची लवचीक पट्टी गुंडाळली. कुत्र्याचं नाव ढोल्या. रंग पांढरा, उंची घोट्याच्या वर थोडी, वजन मोठ्या कलिंगडाएवढं. चाळीस किलोंचा हिशेब कसा लावायचा, याचा विचार भाऊसाहेबांनी केला होता: आजारपणात रोडावला म्हणून सांगायचं. त्याला घोंगडीवर निजवून ते म्हणाले, "बाबा रे, अर्धाच तास. मुकाट पडून राहा. दुखतंय तुला."

ढोल्याने त्यांचा हात चाटला. दाराची घंटा वाजली, आणि तो गोळीसारखा सुटला. मॅडम दारात, हातात औषधाची पिशवी, आणि ढोल्या त्यांच्यासमोर मागच्या दोन पायांवर उभा राहून नाचतोय, पट्टीच्या पायावर जास्तच जोर देऊन!

मॅडमनी ढोल्याकडे बघितलं. मग भाऊसाहेबांकडे बघितलं.

"हा चाळीस किलोंचा?"

"आजारपणात..." भाऊसाहेबांनी सुरुवात केली.

संकट काही एकटं येत नाही. जिन्यावरून बायको वर आली. बहीण घरी नव्हती. "अगं बाई, शेजारचा ढोल्या आपल्याकडे काय करतोय? आणि ही माझी पट्टी त्याच्या पायाला कुणी बांधली?" तेवढ्यात तिला मॅडम दिसल्या. "या ना, आत या. चहा टाकते." तिने स्वयंपाकघराचा पडदा सारला. समोरच साखरेच्या डब्यावर नरसाळं उभं होतं.

मॅडमना ते दिसलं. त्या हळूच खुर्चीत बसल्या. रागावल्या असत्या तर भाऊसाहेबांनी सोसलं असतं. धरणीने पोटात घ्यावं असं त्यांना वाटलं, पण घर तिसऱ्या मजल्यावर होतं.

"मॅडम, माझ्याकडे कुत्रा नाही," ते म्हणाले. "कधीच नव्हता. मी... मी लांडगा आहे."

बायकोने हातातली किटली खाली ठेवली.

मग त्यांनी सगळं सांगितलं. रान, कळप, घुबडीण, मोडलेला पाय, बागेतला बाक. सांगताना नजर फरशीवरून हलली नाही. "तुमच्या कुत्र्याचं सगळं मी लांडग्याला देऊन टाकलं. न विचारता. मला फार लाज वाटते, मॅडम. काय शिक्षा करायची ती करा."

बायको म्हणाली, "कळपाचे प्रमुख? गॅसचं सिलेंडर बदलायला मला हाक मारता, आणि तिकडे कळपाचे प्रमुख?"

"दाखवा," मॅडम म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी मोबाइल दिला. मॅडम वाचत राहिल्या. चहा आला, निवला. मध्येच त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागल्या. ढोल्या त्यांच्या पायांवर डोकं ठेवून झोपून गेला होता.

"आमचा एकदा उठला होता," खूप वेळाने त्या म्हणाल्या. "दारापर्यंत गेला, माझ्याकडे बघून शेपूट हलवली. मला वाटलं, झालं आता. दुसऱ्या दिवशी गेला." त्यांनी मोबाइल परत केला. "तुमचा लांडगा पुढे पळतो का?"

"अजून लिहिलं नाही, मॅडम. तुम्ही म्हणाल तर कधीच लिहिणार नाही. आज बंद करतो."

"मी बंद करा म्हटलं का?" आवाज पुन्हा कार्यालयातला झाला. "खोटं बोललात, त्याबद्दल रोजचा दुपारचा तास भरून द्यायचा. आणि ते नरसाळं राहू दे इथेच. साखर नीट पडते त्यातून." दारातून त्या वळल्या. "पण पळू द्या त्याला. घाई न करता."

सोमवारी त्या मान वर न करता भाऊसाहेबांसमोरून निघून गेल्या. भाऊसाहेबही दिवसभर खाली मान घालून बसले. संध्याकाळी कार्यालय रिकामं झालं, ते भरपाईचा तास भरत एकटेच टेबलाशी उरले, आणि रानात नवा प्राणी आल्याची खूण मोबाइलवर उमटली.

"मी हत्तीण," नव्या प्राण्याने लिहिलं होतं. "सगळं वाचलं. लांडग्याचे टाके अजून ओले आहेत. त्याला इतक्यात उताराकडे नेऊ नये. रोज सकाळी पाय कसा टेकवतो, ते सगळ्यांना सांगावं."

भाऊसाहेबांनी काचेपलीकडे पाहिलं. मोठ्या मॅडमच्या खोलीत दिवा चालू होता. त्या मोबाइल नाकाजवळ धरून बसल्या होत्या. भाऊसाहेब नकळत खुर्चीतून उठून उभे राहिले, आणि उभ्या उभ्या त्यांच्या बोटांनी लिहून टाकलं, "हो मॅडम."

घुबडीण तिथे टपूनच होती. "भुऱ्या, पुन्हा तेच!" तिने लिहिलं. "कळपाचा प्रमुख लांडगा कुणाला 'हो मॅडम' म्हणेल का? हे अजिबात खरं वाटत नाही."